एआय आवाज साफ करेल, पण कट कुठे मारायचा ते कोण ठरवणार? ऑडिओ एडिटिंगमध्ये कीबोर्ड शॉर्टकट आजही का शिकायचे

“अनुदान जमा झालं.”

हेडफोनमध्ये एवढंच वाक्य ऐकू आलं आणि मी थबकलो. कारण काका असं बोललेच नव्हते, हे मला पक्कं आठवत होतं.

झालं असं, की माझे दोन मित्र शेतीवरचा एक छोटा मराठी पॉडकास्ट चालवतात आणि संध्याकाळी वेळ मिळेल तसं मी त्याचं एडिटिंग करतो. लासलगावजवळच्या एका कांदा उत्पादक काकांची मुलाखत त्यांनी अंगणात बसून फोनवर रेकॉर्ड केली होती. मागे ट्रॅक्टर, कोंबडे, वारा, सगळं होतं. मला झोप येत होती. म्हणून एका ऑनलाइन एआय टूलवर फाइल टाकली, “साफ करा” म्हटलं आणि दहा मिनिटांत चकाचक फाइल हातात आली. ट्रॅक्टर गायब. वारा गायब. काका जणू स्टुडिओत बसलेत.

फक्त एक शब्दही गायब झाला होता. काका मुळात म्हणाले होते, “फॉर्म भरला, कागदं दिली. पण जमा झालं…” मग एक लांब श्वास. आणि मग खालच्या आवाजात, “…नाही बाबा.” टूलच्या हिशेबात ते शेवटचे दोन शब्द गोंगाट होते की शांतता, देव जाणे. पण ते गेले आणि काकांची तक्रार चक्क पावती झाली. हा एपिसोड तसाच गेला असता, तर गावात लोकांनी काकांनाच विचारलं असतं, “तुम्हाला मिळाले, मग आमचे कुठंयत?”

हे माझ्या लक्षात आलं ते एका शॉर्टकटमुळे. मूळ रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकतानाच मी त्या जागी कंट्रोल + एम दाबून खूण केली होती आणि तिच्यात लिहिलं होतं: “अनुदान नाही – महत्त्वाचं.” साफ झालेली फाइल तपासताना ही खूण समोर आली, म्हणून वाक्य कानाला खटकलं.

त्या रात्रीपासून डोक्यात एकच प्रश्न आहे. एका बटणात सगळं होत असेल, तर आपण ऑडिओ एडिटिंगचे कीबोर्ड शॉर्टकट अजून शिकावेत का? माझं उत्तर हो असं आहे, आणि आता तर पूर्वीपेक्षाही जास्त. का, ते सांगतो.

हा विषय आत्ताच का?

दोन बातम्यांमुळे. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० कॉलेजांमध्ये “कंटेंट क्रिएटर लॅब” उभारण्याचा प्रस्ताव आहे. ही जबाबदारी मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजकडे आहे. अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख लोक लागतील, असा सरकारी अंदाज आहे. यादीत ऑडिओचं नाव नसलं, तरी गेम असो की अ‍ॅनिमेशन, आवाजाशिवाय एकही गोष्ट पूर्ण होत नाही. म्हणजे हजारो शाळांमधली मुलं लवकरच कुठल्या तरी स्क्रीनसमोर बसून आवाज कापायला शिकणार आहेत.

दुसरी बातमी नियमांची. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्राने आयटी नियमांत दुरुस्ती केली आणि ती २० फेब्रुवारीपासून लागू झाली. एआयने तयार केलेला किंवा बदललेला, खरा वाटेल असा आवाज किंवा व्हिडिओ असेल, तर त्यावर तसं लेबल हवं, असा तिचा गाभा आहे. मात्र नेहमीचं, प्रामाणिक हेतूने केलेलं एडिटिंग त्यातून वगळलं आहे. गोंगाट कमी करणं, फाइल छोटी करणं, लिप्यंतर करणं वगैरे. अट अशी, की त्यामुळे मूळ आशय बदलता कामा नये.

आता काकांच्या वाक्याकडे पुन्हा बघा. मी केलं काय? गोंगाट कमी केला. झालं काय? आशय उलटा झाला. हेतू कितीही चांगला असला, तरी “टूलने केलं” म्हणून मी हात झटकू शकत नाही. शेवटचं ऐकणं माझंच काम होतं.

एआयने नक्की कोणतं काम घेतलं?

एआय वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. मी स्वतः वापरतो आणि उद्याही वापरणार. फक्त त्याने कोणतं काम हातात घेतलंय, ते नीट बघायला हवं.

२०२२ हे या बाबतीत वळणाचं वर्ष. सप्टेंबरमध्ये ओपनएआयने व्हिस्पर हे बोललेलं लिहून काढणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच्या भाषांमध्ये मराठीही आहे. वर्षाच्या शेवटी अडोबीने “एन्हान्स स्पीच” लोकांना मोफत वापरायला दिलं. डिस्क्रिप्टसारख्या प्रोग्रॅमने तर एडिटिंगची रीतच बदलली. आधी बोलण्याचं लिखित रूप दिसतं, त्यातला शब्द खोडला की आवाजातूनही तो जातो. इंटेलने ऑडॅसिटीसाठी काढलेले एआय प्लगइन तर तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतात, फाइल कुठे पाठवावी लागत नाही.

या सगळ्यांनी तीन कामं घेतली: गोंगाट काढणं, आवाजाची पातळी सारखी करणं आणि रिकाम्या जागा कमी करणं. तिन्ही कंटाळवाणी. पूर्वी यात तासन्‌तास जायचे. गेले ते बरंच झालं.

पण एक काम उरलंच. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं काढायचं, कुठला श्वास तसाच राहू द्यायचा. हे ठरवायचं तर ऐकावं लागतं, आणि ऐकता ऐकता हात चालावा लागतो. तिथे शॉर्टकट लागतात.

मराठीत नकार शेवटी येतो, ही भानगड आहे

इंग्रजीत “नाही” साधारणपणे क्रियापदाच्या आधी येतो. आपल्याकडे तो वाक्याच्या टोकाला असतो. “मिळालं नाही”, “येणार नाही”, “माहीत नाही”. आणि माणूस बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो, श्वास संपत आलेला असतो. त्यात मन जड असेल, तर मध्ये थांबतोही. म्हणजे वाक्याचा अर्थ ज्या शब्दावर उभा आहे, नेमका तोच सगळ्यात हळू बोलला जातो.

शांतता कापणाऱ्या साध्या इफेक्टचं गणित असं असतं: ठरावीक पातळीच्या खालचा आवाज ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकला, की तो “शांतता” समजायचा. हळू आवाजातला “नाही” त्या रेषेखाली गेला, की खेळ खलास. गोंगाट काढणारी एआय टूल्सही बोलणं कुठे आहे आणि कुठे नाही, याचा अंदाजच बांधत असतात.

दुसरी गंमत आपल्या “ना”, “हं”, “बरं का”, “म्हणजे” यांची. अशा शब्दांना सरसकट फालतू भरणा समजून काढून टाकायची सोय अनेक टूल्समध्ये असते. पण “मी सांगितलं ना!” मधला “ना” काढला, तर चिडणं गेलं, नुसती माहिती उरली. आजी “हं…” म्हणून थांबते तेव्हा तो होकार असतो, शंका असते किंवा “पुढे बोलू नकोस” असतं. हे ऐकणाऱ्यालाच कळणार.

मग शॉर्टकट कसे मदत करतात?

मी ऑडॅसिटीचं उदाहरण घेतो, कारण ते मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी त्यावर काम सुरू केलं आणि २००० मध्ये ते लोकांसमोर आलं. २०२१ पासून ते म्यूझ ग्रुपकडे आहे. मॅकवर असाल, तर खाली जिथे कंट्रोल म्हटलंय तिथे बहुतेक ठिकाणी कमांड समजा; कंट्रोल + एम मात्र अपवाद, तिथे कमांड + टिंब (.) दाबा.

माझी पद्धत दोन फेऱ्यांची आहे.

*पहिली फेरी: फक्त ऐका, खुणा करा.* स्पेस बार दाबून प्ले करा. काही खटकलं किंवा महत्त्वाचं वाटलं, की कंट्रोल + एम. आवाज चालू असतानाच त्या जागी एक लेबल उघडतं. दोन शब्द टाइप करा आणि एंटर दाबा. एंटर विसरू नका, नाहीतर पुढचा स्पेस त्या लेबलमध्येच जातो आणि तुम्ही “हे थांबत का नाहीये” म्हणत बसता. या फेरीत एकही कट मारायचा नाही. पूर्ण मुलाखत ऐकल्याशिवाय कुठलं वाक्य कामाचं आणि कुठलं नाही, हे कळत नसतं.

*दुसरी फेरी: कापा.* ऑल्ट + उजवा बाण दाबला की पुढच्या खुणेवर जाता. प्ले करा. नको असलेला भाग सुरू झाला की डावा चौकटी कंस, [ ही कळ. संपला की उजवा, ]. आवाज चालू असतानाच सिलेक्शन तयार होतं, माऊसने ओढायची गरज नाही. स्पेस दाबून थांबा. आता सी दाबा. निवडलेला भाग वगळून त्याच्या आधीचं आणि नंतरचं सलग ऐकू येतं, म्हणजे कापायच्या आधीच कट कसा लागेल ते कळतं. पटलं तर झेड दाबा, त्यामुळे कटच्या कडा वेव्हफॉर्म शून्य रेषेला छेदतो तिथे सरकतात आणि “टक्” असा आवाज येत नाही. मग कंट्रोल + के, भाग उडाला. चुकलं तर कंट्रोल + झेड आहेच.

सिलेक्शनची कड थोडी वाढवायची असेल तर शिफ्ट आणि बाणाची कळ. निवडलेला भाग जवळून बघायचा असेल तर कंट्रोल + ई, पुन्हा सगळी फाइल एका नजरेत हवी तर कंट्रोल + एफ. मघाचाच इफेक्ट दुसऱ्या जागी लावायचा असेल तर कंट्रोल + आर.

एक सावधगिरी. कंट्रोल + एल ने निवडलेला भाग पूर्ण शांत होतो. खोकल्यावर हा उपाय सोपा वाटतो, पण अंगणातल्या रेकॉर्डिंगमध्ये अचानक ठार शांतता आली की कानाला खड्डा जाणवतो. त्यापेक्षा कोणी बोलत नसतानाचा अर्धा सेकंद कॉपी करा आणि खोकल्याच्या जागी पेस्ट करा. म्हणूनच रेकॉर्डिंग सुरू करताना दहा सेकंद सगळ्यांना गप्प बसवायचं. लोक हसतात, हसू द्या.

एखादी कळ चाललीच नाही, तर घाबरू नका. ऑडॅसिटीत शॉर्टकटचे “स्टँडर्ड” आणि “फुल” असे दोन संच आहेत. प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्ड या पानावर जा आणि डिफॉल्ट्सखाली “फुल” निवडा. तिथेच हवी ती कळ स्वतः बदलताही येते. मला कंस लांब पडायचे, तर मी ते डाव्या हाताखाली आणून ठेवलेत.

सी दाबून ऐकणं इतकं महत्त्वाचं का?

टेपच्या काळात रेडिओवरचे लोक ब्लेडने टेप कापायचे. टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावत असेल, तर एका सेकंदाचं बोलणं म्हणजे १५ इंच टेप. दोन्ही चाकं हाताने मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात शोधायची, टेपवर पेन्सिलने खूण करायची, मग तिरपा काप घ्यायचा आणि दोन टोकं चिकटवायची. चुकीचा काप दुरुस्त करायचा म्हणजे जमिनीवरचा तुकडा शोधून पुन्हा जोडायचा. त्यामुळे कापायच्या आधी तीनतीनदा ऐकलं जायचं.

आपले दोन कंस म्हणजे त्या पेन्सिलच्या खुणाच आहेत. फरक असा, की आता कापणं फुकट झालंय आणि त्यामुळे न ऐकता कापायची सवय लागते. वेव्हफॉर्मचा आकार बघून “इथे काही नाही” ठरवायचं आणि उडवायचं. मी हे भरपूर केलंय. माऊस हातात असला की डोळे स्क्रीनवर असतात, कान मागे पडतात. हात कळांवर असले की डोळे मिटूनही काम होतं. माझ्यासाठी शॉर्टकटचा खरा फायदा हा आहे, वेग त्यानंतर.

बरं, वेग किती मिळतो?

साधा हिशेब करू. समजा ४० मिनिटांच्या मुलाखतीत २४० कट आहेत. प्रत्येक कटमागे कीबोर्डने पाच सेकंद वाचले, तर २४० गुणिले ५ म्हणजे १,२०० सेकंद. म्हणजे २० मिनिटं. आठवड्याला एक एपिसोड धरला, तर वर्षाला १७ तासांहून जास्त.

हौस म्हणून करणाऱ्याला हा आकडा छोटा वाटेल. पण एपिसोडमागे ठरलेले पैसे घेऊन काम करणाऱ्या मुलामुलींसाठी ती कमाई आहे. तासावर पैसे मिळत नाहीत, फाइलवर मिळतात. आणि आता समोरचा म्हणतो, “एआय आहे ना, मग एवढे पैसे कशाचे?” यावर माझ्या मते एकच उत्तर टिकतं: “सफाई मी एआयकडूनच करून घेतो. पैसे मी प्रत्येक वाक्य ऐकल्याचे घेतो.” आणि हे उत्तर परवडायचं असेल, तर ऐकणं सोडून बाकीच्या प्रत्येक हालचालीतला वेळ वाचवावा लागतो.

मराठी टायपिंगची अडचण

हे कुठल्याच इंग्रजी व्हिडिओत सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. लेबल मराठीत लिहायला तुम्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू केला, आणि मग कंस दाबला. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या कंसाच्या कळीवर “ड” असतो आणि उजव्या कंसाच्या कळीवर नुक्ता! अनेक प्रोग्रॅमना अशा वेळी शॉर्टकट ओळखू येत नाही. तुम्हाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, भाषा बदललेली असते.

विंडोजमध्ये विंडोज कळ + स्पेस दाबून इंग्रजीवर या, शॉर्टकट चालू लागतील. मी तर पहिल्या फेरीत लेबल रोमन अक्षरांत दोन-चार अक्षरी टाकतो: खोकल्याला एक खूण, “परत ऐक” ला एक, महत्त्वाच्या वाक्याला तीन उद्गारचिन्हं. फक्त जिथे अर्थ बदलण्याचा धोका आहे, तिथे भाषा बदलून मराठीत पूर्ण लिहितो. काकांच्या वाक्यावर तसंच लिहिलं होतं.

माझ्याकडे फक्त फोन आहे, मी काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांचा असणार. फोनवर रेकॉर्डिंग उत्तम होतं, छोटी रील कापायलाही काही हरकत नाही. पण लांब मुलाखत बोटाने कापताना बोटच वेव्हफॉर्म झाकतं आणि अर्ध्या सेकंदाचा कट नेमका लागत नाही.

अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने किंवा ब्लूटूथने साधा कीबोर्ड जोडता येतो. कट, कॉपी, पेस्ट, अ‍ॅप बदलायला ऑल्ट + टॅब, हे चालतं. अडचण पुढे आहे. बरीच एडिटिंग अ‍ॅप बोटांसाठीच बनवलेली असतात, त्यांना कीबोर्ड म्हणजे फक्त टायपिंग वाटतं. म्हणून कीबोर्ड विकत घ्यायच्या आधी मित्राचा जोडून बघा: तुमच्या अ‍ॅपमध्ये स्पेस दाबल्यावर प्ले होतंय का, कंट्रोल + झेड चालतंय का. आणि लक्षात ठेवा, ऑडॅसिटीचं अँड्रॉइडसाठी अधिकृत अ‍ॅप नाही. तशा नावाचं काही दिसलं, तर ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे.

वारं मात्र बदलतंय. सॅमसंगचं डेक्स २०१७ पासून फोन मॉनिटरला लावून कॉम्प्युटरसारखा वापरू देतं, आणि आता गूगलही अँड्रॉइडमध्येच डेस्कटॉपसारख्या विंडो आणतंय. फोनच कॉम्प्युटर झाला, तर त्याला कीबोर्ड लागणारच, आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांना शॉर्टकट द्यावे लागतील. तोपर्यंत घरातला किंवा कॉलेजच्या लॅबमधला जुना लॅपटॉप या कामाला पुरेसा आहे. रेकॉर्डिंग फोनवर, कापणं लॅपटॉपवर. मी आजही तेच करतो.

ज्यांना स्क्रीन दिसतच नाही

शॉर्टकटला आपण “सोय” म्हणतो. दृष्टिहीन एडिटरसाठी तो एकच रस्ता असतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरून ऑडॅसिटीत पूर्ण काम कीबोर्डवर करणारे लोक जगभर आहेत. रीपर या प्रोग्रॅमसाठी तर ओसारा नावाचं मोफत, मुक्त-स्रोत एक्स्टेन्शन आहे, जे स्क्रीनवर काय चाललंय ते स्क्रीन रीडरला पोहोचवतं.

म्हणून एखादं नवं टूल येतं आणि त्यात सगळं काही “इथे ओढा, तिथे टॅप करा” असं असतं, तेव्हा दार बंद होतं ते यांच्यासाठी. ऑडॅसिटीची चौथी आवृत्ती सध्या नव्या पायावर उभारली जातेय. तिचं रूप छान दिसेलच, पण मी आधी बघणार ते कीबोर्डचं पान. जाता जाता: तुम्ही स्वतःचे शॉर्टकट बसवले असतील, तर त्याच पानावरून एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवा. नव्या मशीनवर तिसऱ्या आवृत्तीत तीच फाइल इम्पोर्ट केली की हात लगेच चालू.

शाळांच्या लॅबमध्ये काय शिकवावं?

पुन्हा त्या १५,००० शाळांकडे येतो. लॅब उभी राहील, मशीन येतील, फीत कापली जाईल. मग मुलांना शिकवायचं काय, हा प्रश्न येईल. सोपा मार्ग असा, की एखादं चकचकीत एआय टूल उघडायचं, बटण दाबायचं, फाइल तयार. मुलं खूश, पाहुणे खूश. पण दोन वर्षांनी ते टूल पैसे मागू लागलं किंवा बदललं, तर मुलांच्या हातात काय उरलं?

माझ्या मते पहिला तास असा असावा. मुलांनी आपल्या आजीची किंवा शेजारच्या काकांची पाच मिनिटं रेकॉर्ड करून आणावीत. एकदा एआयकडून साफ करून घ्यावीत, एकदा स्वतः खुणा करून कापावीत. मग दोन्ही फाइल शेजारी शेजारी ऐकाव्यात आणि सांगावं, माणूस कुठे बदलला. यात शॉर्टकटही शिकून होतील, एआयही, आणि दुसऱ्याचं बोलणं हातात आलं की काय जबाबदारी येते, तेही. आपल्या बोलीत तर हे जास्तच लागतं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्याचा “नाय” किंवा “नही” कुठल्या टूलला किती कळतो, हे त्या बोलीचा कानच तपासू शकतो.

आजपासून सुरुवात कशी कराल?

सगळे शॉर्टकट एकदम पाठ करू नका, कोणालाच जमत नाही. पहिला आठवडा फक्त तीन: स्पेस, कंट्रोल + एम आणि कंट्रोल + झेड. दुसऱ्या आठवड्यात दोन कंस आणि कंट्रोल + के. तिसऱ्यात सी आणि झेड. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. हात आपोआप जायला लागला की चिठ्ठी काढून टाका.

आणि एआय वापरणार असाल, तर तीन गोष्टी पाळा. मूळ फाइल कधीही पुसू नका. साफ करायच्या आधी मूळ रेकॉर्डिंग एकदा पूर्ण ऐकून खुणा करा. साफ झाल्यावर निदान त्या खुणांच्या जागा पुन्हा ऐका, विशेषतः वाक्यांचे शेवट.

काकांच्या त्या वाक्याचं मी शेवटी काय केलं? मूळ फाइलमधून तेवढा तुकडा घेतला आणि साफ केलेल्या फाइलमध्ये बसवला. ट्रॅक्टरचा आवाज, लांब श्वास, सगळ्यासकट. एपिसोड ऐकताना तिथे आवाज किंचित खडबडीत होतो. मित्र म्हणाला, “अरे, इथे जरा घाण वाटतंय.” म्हटलं, “राहू दे. काका नाही म्हणालेत, ते नीट ऐकू येतंय ना?”